गुणपत्रिका आणि जर्नल

सत्राचा निकाल लागला की आमच्याकडं एकच प्रश्न विचारतात, "किती पडले?" त्यात गैर काही नाही. भुदरगड तालुक्यातल्या ज्या गावातून मी कोल्हापूरला बीएस्सीला आले, तिथं मुलीला बाहेर ठेवून शिकवायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी वर्षभर कुठं ना कुठं हात आखडता घ्यायचा असतो. हिशेब मागायचा त्यांना हक्क आहे. पण तो नेमका कशाचा मागायचा, यावरून गेल्या मे महिन्यात माझं आणि मामांचं चांगलंच वाजलं.

मामा स्वतः रसायनशास्त्राचे बीएस्सी, शिवाजी विद्यापीठाचे. शिकताना कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहिले आणि गेली तीसेक वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहेत. आमच्या घरात शिक्षणाबाबतचा शेवटचा शब्द त्यांचा. बारावीनंतर मला कोल्हापूरला पाठवायला बाबांना त्यांनीच राजी केलं, त्यामुळं त्यांचं बोलणं मला टाळता येत नाही आणि टाळायचंही नाही. गळीत हंगाम आटोपल्यावर ते आमच्याकडं राहायला आले होते. संध्याकाळी ओसरीवर बसून जे बोलणं झालं, ते इथं मांडते आहे. हे लिहिलेलं त्यांनी वाचलं आहे. त्यांची बाजू मी पातळ केलेली नाही; दोनेक ठिकाणी तर त्यांनीच ती आणखी घट्ट करून दिली.

मामा : बारावीला 84 टक्के होते तुला. पहिल्या सत्राला एसजीपीए आला 6.4. आता हे मी कसं वाचायचं, तूच सांग.

मी : ते दोन आकडे एका मापाचे नाहीत, मामा. अकरावी-बारावीत मी कॉलेजात होते ते हजेरीपटावर. दोन वर्षं क्लासमध्येच गेली. तिथं प्रश्न आला की त्याचा साचा ओळखायचा, चारातले दोन पर्याय उडवायचे आणि पुढं जायचं. का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सर वाईट नव्हते, पण त्यांनाही पोर्शन संपवायचा होता.

मामा : मग त्याचा उपयोग काय झाला? नीट तर झालं नाही. मी म्हटलं होतं, एक वर्ष रिपीट कर.

मी : 2024 ला नीटसाठी देशभरात 24 लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढं. उरलेले बावीस-तेवीस लाख बिनकामाचे असतात का? मला डॉक्टर व्हायचं होतं की तुम्हा सगळ्यांना मी व्हायला हवी होते, हेसुद्धा मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. मला रसायन शिकायचं आहे.

मामा : हे तुला कधी कळलं?

मी : पहिल्या सत्रात. प्रॅक्टिकलला.

मामा : आणि त्याच सत्राला 6.4.

इथं मामा हसले नाहीत. ते मला टोचून बोलत नव्हते, त्यांना खरोखरच ताळा लागत नव्हता. जो विषय आवडतो त्यात मार्क कमी कसे, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. मग मी आत जाऊन माझं रसायनाचं जर्नल आणलं.

प्रयोग तसा नेहमीचाच. ऑक्झॅलिक ॲसिडविरुद्ध पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन. बारावीलाही हाच असतो. तिथं मुलांच्या तोंडी एक शब्द असतो, सीबीआर, म्हणजे न बदलणारं ब्युरेट रीडिंग. तीन रीडिंगपैकी दोन तंतोतंत जुळली पाहिजेत, म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिलं रीडिंग घेतलं की उरलेली दोन बाकावरच लिहिली जातात. कुठं कुठं तर फळ्यावर आकडा देतात आणि सगळी बॅच तोच उतरवते. परमँगनेटचा तो जांभळा रंग न पाहताच बारावी पास झालेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

इथं पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, जे दिसेल ते लिहा. माझी रीडिंग आली 9.8, 9.3 आणि 9.8. मधलं खोडून 9.8 करावं, असं शेजारच्या बाकावरून दोघींनी सुचवलं. मी तसंच ठेवलं आणि मॅडमना विचारलं, हे असं का आलं? त्यांनी उलट मलाच विचारलं, दुसऱ्या वेळी फ्लास्क किती गरम होता? तेव्हा लक्षात आलं, की मध्ये बर्नर दुसरीकडं गेला होता आणि द्रावण गार झालं होतं. ही अभिक्रिया 60 ते 70 अंशांना व्यवस्थित चालते. सुरुवातीच्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. मग मँगनीजचे आयन तयार होतात, तेच अभिक्रियेला वेग देतात आणि पुढचे थेंब भराभर रंगहीन होत जातात. द्रावण गार असलं की रंग रेंगाळतो, आपल्याला वाटतं अंत्यबिंदू आला, आणि आपण आधीच थांबतो. म्हणून 9.3. हे सगळं मी त्या पानावर रीडिंगखाली लिहिलं.

मामांनी चष्मा लावला आणि ते पान दोनदा वाचलं.

मामा : हे मॅडमनी लिहायला सांगितलं?

मी : नाही. त्यांनी फक्त विचारलं.

मामा : आणि परमँगनेट गडद असतं, त्याची खालची वक्ररेषा दिसत नाही. रीडिंग कुठून घेतलंस?

मी : वरच्या कडेवरून. तेही मी विचारलं होतं वर्गात. बाकी द्रावणांना खालून घेतो, मग इथं वरून घेतल्यावर चूक होणार नाही का? सर म्हणाले, सुरुवातही वरून आणि शेवटही वरून घेतला, तर दोन्हीत फरक तेवढाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. मामा, मी वर्गात उभं राहून विचारलेला पहिला प्रश्न तो. मराठीतच विचारला. साठ-सत्तर मुलं माना वळवून बघत होती.

मामा : मराठीत विचारलास म्हणून?

मी : विचारलाच म्हणून.

मामा बराच वेळ जर्नलची पानं उलटत राहिले. मग त्यांनी कारखान्याचं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या कामाविषयी इतकं सविस्तर ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, कारण मला ते कळेल असं आजवर त्यांना वाटलंच नसावं.

हंगामात लॅब तीन पाळ्यांत चालते. ठरलेल्या वेळेला रसाचे नमुने येतात, बगॅसचे, मळीचे येतात. रसाचा ब्रिक्स काढायचा, म्हणजे त्यात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचं प्रमाण. पोल काढायचं, म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरनं गुणलं की शुद्धता मिळते. रस गरम असेल तर हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि ब्रिक्स कमी दिसतो. म्हणून थर्मामीटर बघून दुरुस्ती करावी लागते. पहाटे तीन वाजता डोळे मिटत असतात. मागच्या नमुन्याचाच आकडा एक-दोन दशांशानं हलवून रजिस्टरला लिहिला, तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

मामा : असं करणारी पोरं येतात आमच्याकडं. फर्स्ट क्लास असतात. त्यांना वाटतं, एका आकड्यानं काय होतंय? पण असे शेकडो आकडे मिळून हंगामाचा हिशेब बसतो. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, साखर उताऱ्याला बांधलेला आहे. 10.25 टक्के हा पायाभूत उतारा, त्याच्यावर दशांश टक्का वाढला तरी टनाचा दर वाढतो. आपल्या कोल्हापूर भागाचा उतारा राज्यात वरचा, अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या बापानं वर्षभर ऊस सांभाळला, त्याचे पैसे शेवटी आकड्यांवरच ठरतात. झोपेत आकडा लिहिणारा माणूस मी माझ्या पाळीत ठेवत नाही.

मी : मग अशा पोराच्या गुणपत्रिकेवर ते दिसतं का, मामा?

मामा : नाही दिसत.

मी : माझं 9.3 दिसतं का?

मामा : तेही नाही.

मी : आणि तुम्ही स्वतः एका रीडिंगवर निकाल लिहाल का? मग माझ्या पहिल्या सत्राच्या एका आकड्यावर वर्षाचा निकाल कसा लिहिता?

मामा : नाही लिहीत. पण एका रीडिंगवर समाधान नसेल, तर आमच्याकडं दुसरं घेतात. पहिलं फाडून टाकत नाहीत. दुसरं आण.

या बोलण्यावर मी गप्प बसले, कारण ते बरोबर होतं. आमच्या वयात एक सोपी पळवाट मिळते. मार्क कमी आले की "मी माणूस म्हणून वाढले" असं म्हणायचं. त्याला पुरावा लागत नाही आणि कुणी खोडूही शकत नाही. मामांना राग या वाक्याचा होता, माझा नव्हता. माझ्या होस्टेलवरही हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्या सगळ्याच जणी खरं बोलत असतात असं मला वाटत नाही.

होस्टेलचं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोलीत एक मैत्रीण सिंधुदुर्गातली, एक जतची. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, मग तिघी मिळून काहीतरी करून खातो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज मी स्वतः भरला, आधारला बँक खातं जोडलेलं नव्हतं म्हणून तो अडकला, तेव्हा बँकेत जाऊन ते काम करून घेतलं. मामा म्हणाले, "हे यायलाच पाहिजे," आणि पुढं गेले. मलाही यात सांगण्यासारखं विशेष काही वाटत नाही. घर सोडून राहणाऱ्या प्रत्येकीला हे करावंच लागतं.

त्यांना खटकत होतं ते वेगळंच.

मामा : तुमचा तो नवीन अभ्यासक्रम मला पटत नाही. आमच्या वेळी मोजके विषय असायचे, आणि त्यातच बुडून जायचो आम्ही. तुमच्याकडं मुख्य विषय वेगळे, कौशल्याचा वेगळा, मूल्यशिक्षणाचा वेगळा, दुसऱ्या शाखेतला वेगळा. दोन-दोन क्रेडिटचे तुकडे करून सत्राची 22 क्रेडिट भरायची. सायन्सच्या पोरीनं इतिहास कशाला शिकायचा?

मी : तुकडे पडतात हे खरं. दोन क्रेडिटचा थिअरीचा विषय म्हणजे 30 तास. त्यातले पहिले काही तास प्रवेश आणि वेळापत्रक लागण्यातच जातात. आमचे एक-दोन विषय नुसते उरकले गेले, ते मी नाकारत नाही. पण इतिहासाचं म्हणाल, तर तो मी मुद्दाम घेतला. तुम्ही ज्या बोर्डिंगात राहिलात ना, तशी बोर्डिंगं कोल्हापुरातच इतकी का, हे मला त्यात कळलं. 1901 ला शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत. 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. 1902 ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा आदेश.

मामा : हे तू मला सांगतेस? अगं, बोर्डिंगात 26 जूनला जयंती असायची, मोठी माणसं यायची बोलायला. सतरंज्या आम्हीच टाकायचो. जेवणाच्या पंगतीत कोण कुठल्या गावचा आणि कशासाठी आलाय, हे रोज कळत होतं. आम्हाला त्याला क्रेडिट लागलं नाही.

मी : तुम्हाला ते बोर्डिंगनं दिलं. माझ्या होस्टेलवर कुणी देत नाही, मामा. तिथं खोलीचं भाडं आणि गेटची वेळ, एवढाच संबंध. मग मला ते वर्गातूनच मिळणार.

मामांनी मान हलवली. या मुद्द्यावर मला वाटतं आम्ही दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहोत, पण त्यांचा अर्धा भाग मोठा आहे. ज्या बोर्डिंगात वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला शिकवायचा, जिथं गावाकडून पोतं आलं की सगळ्यांचं व्हायचं, तिथं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर होत होतं. आज कोल्हापुरात आमच्यासारख्या हजारो मुलींना राहायला जागा मिळते, पण त्या जागेत असं शिकणं फारसं उरलेलं नाही. नवीन धोरणानं दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायची मुभा दिली, हे मला मनापासून चांगलं वाटतं. पण दोन क्रेडिट देऊन बोर्डिंगची भरपाई होत नाही.

मग मामांनी त्यांचा खरा मुद्दा काढला. तो इतका वेळ त्यांनी का धरून ठेवला होता, ते मला नंतर कळलं. आई स्वयंपाकघरात गेली होती आणि बाबा गोठ्यात होते.

मामा : आता ऐक. या नवीन पद्धतीत एक वर्ष झालं की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. बरोबर?

मी : हो. ज्याला मध्ये सोडावं लागतं त्याचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. परत येऊन पुढं शिकता येतं.

मामा : कागदावर. गावात त्याचा अर्थ काय होतो सांगू? पूर्वी पोरगी मध्ये काढली तर बापाला लोक म्हणायचे, शिक्षण अर्धवट ठेवलंस. आता बाप म्हणेल, अर्धवट कुठं, सर्टिफिकेट मिळालंय की. तुझ्या घरी असं कुणी म्हणेल असं नाही. पण मागच्या दिवाळीपासून तुझ्या बाबांकडं दोन माणसं स्थळ घेऊन येऊन गेली. तुला सांगितलं नाही कुणी.

मी : मला माहीत नव्हतं.

मामा : तो माणूस तुझं जर्नल बघत नाही. तो विचारतो, पोरगी काय करते? बाबांनी "कॉलेजात नंबरात आहे, तिला पुढं शिकवायचंय" म्हटलं की तो चहा पिऊन जातो. "बीएस्सी करते, ठीक चाललंय" म्हटलं की तो बसून राहतो. तुला एमएस्सी करायची असेल तर एन्ट्रन्स आहे, त्यातही आकडाच. मी मार्क मार्क का करतो? मार्कांनी माणूस मोठा होतो असं मला वाटत नाही. पण आपल्या पोरीच्या हातात ढाल तेवढीच आहे, आणि तिनं ती खाली ठेवू नये.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पूर्ण उत्तर आजही नाही. मुलीनं शिकत राहण्यासाठी आधी हुशार असल्याचं सिद्ध करावं लागतं आणि मुलाला मात्र नुसतं पास होऊन चालतं, हे अन्यायाचं आहे. माझ्या चुलतभावाला कुणी 6.4 चा जाब विचारला नसता. मी तसं म्हणाले. मामा म्हणाले, "अन्यायच आहे. पण मी तुला काल-परवाचं सांगतोय, तू पुढच्या पिढीचं सांगतेस."

थोड्या वेळानं मी बोलले.

मी : ढाल मी धरते, मामा. पण 6.4 का आले ते तुम्ही विचारलंच नाही. पहिल्या सत्रात मला इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला अख्खी संध्याकाळ लागायची. क्लासच्या नोट्समध्ये वाक्यं नसायची, सूत्रं असायची. इथं अणुरचनेचा धडाच वाक्यांनी भरलेला. परीक्षेत मला उत्तर माहीत असायचं आणि लिहिता यायचं नाही.

मामा : मग?

मी : करवीर नगर वाचन मंदिरात वर्गणी भरली. 1850 सालचं वाचनालय आहे ते. तिथं आणि मोबाईलवर मराठी विश्वकोश वाचायला लागले. वाईला तर्कतीर्थांनी जे काम उभं केलं, ते आता घरबसल्या फुकट वाचता येतं. कोणताही नवा विषय आला की आधी विश्वकोशातली नोंद मराठीत वाचायची, वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायची, आणि मग इंग्रजी पुस्तक उघडायचं. आता पान अर्ध्या तासात होतं. बाकी पोरींना दाखवलं, आता आम्ही चौघी तसं करतो.

मामा : हे तुला कुणी सांगितलं?

मी : कुणी नाही. मराठीत समजतं एवढं माहीत होतं, मग तिथूनच सुरुवात केली.

मामांनी यावर मला शाबासकी दिली नाही. ते म्हणाले, "मग दुसऱ्या सत्राला दिसेल ते." त्यांच्या स्वभावात ही शाबासकीच.

त्याच रात्री जेवताना एक गोष्ट निघाली, तीही लिहायला हवी. आमच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका बाबांनी पेटीत जपून ठेवली आहे. ती आली तेव्हा घरात कुणीच वाचली नव्हती. सरकारी कागद म्हणून ठेवली. एप्रिलमध्ये घरी आले होते तेव्हा मी ती काढून वाचली होती. त्यात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त, लोह यांसारखी सूक्ष्मद्रव्यं असतात. आमच्या वरच्या शेताचा सामू सहाच्या खाली आहे. आमची तिकडची लाल माती, पाऊस प्रचंड, क्षार धुऊन जातात, माती आम्लधर्मी होते. आणि अशा मातीत घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधलं जातं, पिकाला पुरतं मिळत नाही. बाबा वर्षानुवर्षं म्हणत होते, वरच्या वावरात खत लागू पडत नाही. मी त्यांना हे पाटावर बसून सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत.

मामांच्या समोर मात्र बाबा म्हणाले, "हिनं ते कार्ड वाचलं. चुन्याचं कृषी सहायकाला विचारून घेतलंय, यंदा पेरणीआधी टाकायचं."

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "हे जर्नलच्या आधी सांगायचं होतंस."

मी सांगितलं नव्हतं, कारण ते शिक्षणात धरायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं सगळं यात आलं. पहिल्या वर्षात मी काय शिकले याचं उत्तर देताना मी सूत्रांची यादी देणार नाही. न जुळलेलं रीडिंग खोडायचं नाही, ते का आलं ते विचारायचं, आपल्याला जी भाषा येते तिथून सुरुवात करायची, आणि शिकलेलं घरच्या कामाला लावून बघायचं, एवढं शिकले. मार्क त्याच्या मागून येतात असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. काही वेळा येतात, काही वेळा परीक्षेचा पेपर दुसरंच काही मागतो. मामांचं ढालीचं म्हणणं मला पूर्ण पटलं आहे. पण पहिल्या वर्षी मुलगी वाढली की नाही, हे त्या ढालीवरच्या आकड्यावरून कळत नाही. ते मामांनाही त्या संध्याकाळी जर्नल हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं.

दुसऱ्या सत्राचा निकाल जूनअखेर लागला, 7.1. मामांना फोन केला. "वाढतंय," म्हणाले, "पण थांबू नकोस." दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय म्हणून मी रसायनशास्त्र भरलं आहे.

तुमच्याही घरात कुणी पहिल्या वर्षाला असेल. गुणपत्रिका जरूर बघा, तो तुमचा हक्क आहे. पण तेवढ्यावर उठू नका. तिचं जर्नल मागून घ्या, त्यातलं कुठलंही एक पान उघडा आणि हे असं का आलं, ते तिला समजावून सांगायला लावा. रसायन तुम्हाला येत नसलं तरी चालेल.